हौशी रेडिओतले स्वयंचलन : यंत्राने कुठवर बोलावे?

हॅमच्या, म्हणजे हौशी रेडिओ ऑपरेटरच्या, टेबलावर पूर्वी मोर्सची की आणि हेडफोन असे. आता बहुतेक ठिकाणी संगणकाचा पडदा असतो, त्यावर निळ्या पार्श्वभूमीवर पिवळसर रेघा वरून खाली सरकत असतात आणि दर १५ सेकंदांनी शेजारच्या चौकटीत जपान, इटली, इंडोनेशिया इथल्या स्टेशनांची ओळखचिन्हे, म्हणजे कॉल साइन, उमटत जातात. पाहणाऱ्याच्या मनात साहजिकच येते की सगळे संगणकच करत असेल तर माणूस तिथे कशासाठी बसला आहे. हा प्रश्न केवळ बाहेरच्यांना पडतो असे नाही, हौशी रेडिओच्या जगातही त्यावर कळकळीने वाद होतात, आणि या छंदाकडे नव्याने वळणाऱ्याने त्याचे उत्तर पहिल्या प्रसारणाच्या आधीच समजून घ्यावे असे मला वाटते. त्यासाठी हे स्वयंचलन नेमके काय करते आणि ते मुळात का आले हे आधी पाहावे लागते.

मुंबईपुरते बोलायचे तर डिजिटल पद्धतींशिवाय, म्हणजे संगणकाने संदेश स्वरांत बदलून पाठवण्याच्या पद्धतींशिवाय, इथल्या अनेकांना हा छंद जोपासताच आला नसता. २० मीटर बँडसाठी, म्हणजे साधारण तेवढ्या तरंगलांबीच्या लहरींच्या पट्ट्यासाठी, साधा डायपोल (सरळ तारेची अँटेना) लावायचा तरी सुमारे १० मीटर लांबीची तार लागते, ४० मीटर बँडसाठी २० मीटर, आणि ती लावायला गच्चीवर सोसायटीची परवानगी लागते. ज्यांना ती मिळत नाही ते खिडकीच्या ग्रिलपासून मिळेल तिथवर तार ताणून वेळ भागवतात. त्यातही तार लागली की दुसरी अडचण सुरू होते ती विजेच्या गोंगाटाची. लिफ्टच्या मोटारीचे नियंत्रक, एलईडी दिव्यांतले स्वस्त ड्रायव्हर, मोबाइलचे चार्जर, इन्व्हर्टर, यांतले प्रत्येक यंत्र थोडा थोडा रेडिओ कचरा हवेत सोडत असते, आणि दाट वस्तीत तो सगळा एकत्र होऊन अँटेनेवर येतो. गणपतीत किंवा दिवाळीत रोषणाई लागली की पडद्यावरची पार्श्वभूमी गोंगाटाने उजळलेली स्पष्ट दिसते. अशा गोंगाटात युरोपातून येणारा मानवी आवाज बुडून जातो, मोर्सही कष्टाने ऐकू येते. एफटी८ ही पद्धत मात्र तिथेही चालते.

एफटी८ २०१७ साली आली. ती जो टेलर आणि स्टीव्ह फ्रँक या दोघांनी तयार केली. नावातला 'एफ' फ्रँक यांचा, 'टी' टेलर यांचा, आणि ८ हा आकडा ती वापरत असलेल्या आठ स्वरांचा. टेलर हे खगोलशास्त्रज्ञ आहेत. रसेल हल्स यांच्यासोबत १९७४ साली त्यांनी जोडतारा स्वरूपातला पल्सार शोधला आणि त्यासाठी दोघांना १९९३ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले. गोंगाटात गाडलेला क्षीण आणि नियमित संकेत बाहेर काढणे हे त्यांचे आयुष्यभराचे काम आहे, आणि हौशी रेडिओला त्याचा थेट लाभ झाला आहे.

या पद्धतीचा गाभा वेळेत आहे. प्रत्येक मिनिटाचे १५ सेकंदांचे चार भाग पाडलेले असतात. एका भागात एक बाजू बोलते आणि पुढच्या भागात दुसरी. त्यासाठी सर्वांची घड्याळे सुमारे एका सेकंदाच्या आत जुळलेली असावी लागतात. आपली भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असली तरी सेकंद तेच असतात, त्यामुळे इंटरनेटवरून किंवा जीपीएसवरून संगणकाचे घड्याळ लावले की काम भागते. घड्याळ दोन-तीन सेकंदांनी चुकले तर पडद्यावर रेघा दिसत राहतात आणि एकही संदेश उलगडत नाही. नवख्याची पहिली संध्याकाळ बहुधा यातच जाते.

एका खेपेला फक्त ७७ बिटांचा संदेश जातो. एवढ्या जागेत काय मावते हे पाहण्यासारखे आहे. २८ बिटांत एक कॉल साइन बसते, म्हणून दोघांच्या मिळून ५६ बिट लागतात. पुढच्या १५ बिटांत ठिकाण सांगणारा चौकोन किंवा सिग्नलचा अहवाल असतो, आणि उरलेले थोडे बिट संदेशाचा प्रकार वगैरे सांगण्यासाठी असतात. ठिकाणासाठी साऱ्या पृथ्वीचे २ अंश रेखांश आणि १ अंश अक्षांश अशा मापाचे ३२,४०० चौकोन केलेले आहेत, आणि १५ बिटांत ३२,७६८ शक्यता येतात, म्हणजे सगळे चौकोन मावून थोडी जागा उरतेच. आपली मुंबई अशा दोन चौकोनांत विभागलेली आहे. १९ उत्तर अक्षांशाची रेषा परळच्या आसपासून जाते, त्यामुळे कुलाबा आणि गिरगाव 'एमके६८' मध्ये पडतात आणि दादर, अंधेरी, मुलुंड हे 'एमके६९' मध्ये.

या ७७ बिटांना चूक ओळखण्यासाठी १४ आणि चूक दुरुस्त करण्यासाठी ८३ बिट जोडले जातात आणि एकूण १७४ होतात. आठ स्वरांपैकी एक स्वर एका वेळी तीन बिट सांगतो, म्हणून ५८ स्वर संदेशाचे, आणि त्यांच्या सुरुवातीला, मध्ये आणि शेवटी सात-सात स्वरांची एक ठरलेली नक्षी, असे ७९ स्वर मिळून एक प्रसारण तयार होते. दादरच्या फुलबाजारातल्या गलक्यात इतर काही कळत नसले तरी कोणी आपले नाव घेऊन हाक मारली तर कान टवकारतात, कारण ते नाव कसे ऐकू येईल हे मेंदूला आधीच ठाऊक असते. ती ठरलेली नक्षी संगणकासाठी हेच काम करते. प्रत्येक स्वर ०.१६ सेकंद टिकतो, म्हणून संपूर्ण प्रसारण १२.६४ सेकंदांचे होते, आणि ते सारे अवघ्या ५० हर्ट्झ रुंदीत मावते.

यातून जे साधते त्याबद्दल कधी कधी अतिशयोक्ती केली जाते. एफटी८ चा सिग्नल उणे २० डेसिबलपर्यंत, म्हणजे गोंगाटाच्या शंभराव्या भागाइतका क्षीण असला तरी वाचता येतो असे सांगितले जाते. विधान खरे आहे, पण त्यात गोंगाट २५०० हर्ट्झ रुंदीत मोजलेला असतो. सिग्नल मात्र त्याच्या पन्नासाव्या भागात असतो, त्यामुळे त्याच्या स्वतःच्या रुंदीत तो गोंगाटाच्या साधारण निम्मा असतो. उरलेली दरी चूक-दुरुस्तीचे गणित भरून काढते. संदेश अगदी छोटा आणि ठरावीक साच्याचा ठेवल्यामुळेच हे जमते.

आता स्वयंचलनाकडे येऊ. १५ सेकंदांतून १२.६४ वजा केले तर २.३६ सेकंद उरतात. तेवढ्या वेळात संगणकाने बँडवरचे सगळे सिग्नल उलगडायचे, कोणी आपल्याला हाक मारली का ते पाहायचे, उत्तर निवडायचे आणि पुढचा भाग सुरू होताच प्रसारण सुरू करायचे. माणसाला त्या वेळात यादी वाचून योग्य बटण दाबणे कधी जमेल, कधी नाही. टेलर यांची याआधीची, २००३ सालची जेटी६५ ही पद्धत एका मिनिटाच्या टप्प्यांनी चाले आणि तिचे प्रसारण ४७ सेकंदांच्या आत संपे, म्हणून ऑपरेटरला विचार करायला दहा-बारा सेकंद मिळत आणि पुढचा संदेश तो स्वतः निवडत असे. टप्पा आखूड झाला आणि माणसाच्या हातून ती निवड सुटली. २०१९ साली आलेल्या एफटी४ मध्ये तर टप्पा ७.५ सेकंदांवर आला आहे. हे लक्षात घेतले की स्वयंचलन ऑपरेटरच्या आळसातून आले हा आरोप टिकत नाही. वेगाने ते आणले.

म्हणून डब्ल्यूएसजेटी-एक्स या मूळ प्रणालीत संदेशांचा क्रम आपोआप पुढे नेण्याची सोय आहे. मुंबईच्या स्टेशनने 'सीक्यू' म्हणजे सर्वांना हाक दिली, जपानच्या स्टेशनने आपला चौकोन सांगून उत्तर दिले, की पुढे अहवाल, अहवालाची पोच, 'आरआर७३' ही शेवटची पोच आणि '७३' हा निरोप, हे सगळे प्रणाली स्वतः पाठवते. सहा प्रसारणे, म्हणजे दीड मिनिटात संपर्क पूर्ण होतो. मात्र प्रणाली लिहिणाऱ्यांनी एक जागा जाणूनबुजून माणसासाठी राखली आहे. संपर्क संपला की प्रसारणाचे बटण आपोआप बंद होते आणि पुढची हाक द्यायची तर ते कोणीतरी पुन्हा दाबावे लागते. शिवाय ठरावीक मिनिटे ऑपरेटरने काहीच केले नाही तर प्रसारण थांबवणारा पहारेकरी टायमरही त्यात आहे.

ही प्रणाली खुल्या स्रोताची असल्यामुळे ती कोणालाही बदलता येते. काहींनी तो अडसर काढून टाकलेल्या आवृत्त्या केल्या आहेत, काही जण बटण दाबणारी छोटी स्क्रिप्ट लावून ठेवतात. मग स्टेशन रात्रभर स्वतःच हाका देते, उत्तरे घेते, लॉगबुकात नोंदी करते आणि सकाळी मालक उठून यादी पाहतो. वाद आहे तो याविषयी.

माझे मत असे आहे की ऐकणे, क्रम पाळणे आणि प्रसारण सुरू करणे ही तीन कामे वेगवेगळी आहेत आणि त्यांना एकच माप लावू नये.

ऐकण्याचे काम यंत्राकडे पूर्णपणे सोपवायला काहीच हरकत नाही, उलट ते सोपवावेच. रिसीव्हर रात्रभर ७.०७४ मेगाहर्ट्झवर लावून ठेवला आणि उलगडलेल्या चिन्हांची यादी पीएसके रिपोर्टरसारख्या जाळ्याकडे जाऊ दिली, तर आपल्या तारेवर कोणत्या तासाला कोणता प्रदेश ऐकू आला हे नकाशावर दिसते. ऐकण्याने कोणाची जागा अडत नाही. जगभर पसरलेल्या अशा हजारो कानांमुळे आयनांबराचा (रेडिओ लहरी परत वळवणाऱ्या वातावरणाच्या वरच्या थराचा) जो अभ्यास होतो तो एकेका प्रयोगशाळेला झेपणारा नाही. २१ ऑगस्ट २०१७ च्या अमेरिकेतल्या खग्रास सूर्यग्रहणात सावली सरकली तसे रेडिओ मार्ग कसे बदलले हे तपासायला संशोधकांनी हौशी स्टेशनांच्या अशाच स्वयंचलित नोंदी वापरल्या. मोर्स आपोआप वाचणारी स्टेशनेही त्यात होती.

क्रम पाळण्याबद्दल वर लिहिलेच आहे. दोन्ही माणसांनी संपर्क सुरू केल्यावर मधले ठरलेले संदेश यंत्राने पाठवले तर त्यात माणसाचा कोणताही निर्णय हिरावला जात नाही, कारण तिथे निर्णय घेण्यासारखे फारसे काही नसते.

प्रसारण सुरू करणे मात्र वेगळे आहे. एफटी८ ची ठरलेली खिडकी सुमारे ३ किलोहर्ट्झची असते, म्हणजे ५० हर्ट्झच्या हिशेबाने एका वेळी साठेक जागा. संध्याकाळी २० मीटरवर युरोपचे सिग्नल येऊ लागले की त्या भरून वाहतात. तिथे एखादे स्टेशन कोणी नसताना तासन्‌तास हाका देत राहिले तर ते एक जागा धरून बसते, आणि प्रसारण करत असताना ते स्वतः ऐकूही शकत नाही. समोर बसलेला माणूस पाहतो की आपल्याच जागी दुसरे कोणी आले आहे, आपला सिग्नल पसरून शेजाऱ्यांना त्रास देतो आहे, किंवा आता पुरे झाले, आणि तो हात आखडता घेतो. त्या स्क्रिप्टला हे ठरवता येत नाही. संपर्काच्या अर्थाचाही प्रश्न आहेच. दोन्ही बाजूंना माणूस नसेल तर दोन यंत्रांनी एकमेकांची पोच घेतली एवढेच घडते, आणि त्याची नोंद दोन माणसांच्या नावावर होते. अमेरिकन रेडिओ रिले लीगच्या डीएक्ससीसी सन्मानासाठी किमान १०० देश किंवा प्रदेशांशी संपर्क लागतो, आणि त्याच्या नियमांत आता स्पष्ट म्हटले आहे की प्रत्येक संपर्काची सुरुवात दोन्ही बाजूंच्या ऑपरेटरने त्याच वेळी आणि स्वतः केलेली असावी. ती जागेवरून केली की दूरवरून, हे चालते. दूरनियंत्रण आणि स्वयंचलन यांत अनेकांचा गोंधळ होतो, तो या नियमाने दूर व्हावा. डोंबिवलीहून दुसऱ्या गावच्या स्टेशनवर बसल्यासारखा काम करणारा माणूस हजर असतो. पाठीमागच्या खोलीत झोपलेला मालक घरात असूनही हजर नसतो. अर्थात आपल्या परवान्याच्या अटी दूरनियंत्रणाला मुभा देतात का हे ज्याने त्याने आधी पाहावे.

यावर कोणी म्हणेल की बीकन, म्हणजे ठरावीक संकेत पाठवत राहणारी स्टेशने, तर कायमच आपोआप बोलत असतात. बोलतात, आणि ते योग्यही आहे. आंतरराष्ट्रीय बीकन योजनेत जगभर १८ स्टेशने आहेत. त्यांतले प्रत्येक दर तीन मिनिटांनी १४.१०० मेगाहर्ट्झवर दहा सेकंदांसाठी आपले चिन्ह मोर्समध्ये सांगून १०० वॉटपासून ०.१ वॉटपर्यंत शक्ती उतरवत नेते. आपल्याला सर्वांत जवळचे बीकन कोलंबोचे. टेलर यांनीच २००८ मध्ये आणलेली व्हिस्पर पद्धतही बीकनचीच आहे, तिच्यात दोन मिनिटांच्या टप्प्यात कॉल साइन, चौकोन आणि शक्ती एवढेच ५० बिटांत जाते आणि वॉटच्या पाचव्या भागाइतक्या शक्तीचे प्रसारण हजारो किलोमीटरवर नोंदले जाते. ही स्टेशने ठरलेल्या जागी आणि ठरलेल्या वेळी बोलतात आणि आपण संपर्क केला असा दावा करत नाहीत. ते मोजमाप असते, आणि मोजमाप यंत्राने केलेलेच बरे.

पॅकेट रेडिओच्या, म्हणजे माहिती छोट्या तुकड्यांत पाठवण्याच्या पद्धतीच्या, जगात स्वयंचलन तर एफटी८ हून जुने आहे. बॉब ब्रुनिंगा यांनी विकसित केलेल्या एपीआरएस पद्धतीत गाडीतले किंवा हातातले यंत्र आपले स्थान छोट्या संदेशातून पाठवते आणि उंचावरचे डिजिपीटर हे पुनर्प्रसारण केंद्र तो आपोआप पुढे ढकलते. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरही १४५.८२५ मेगाहर्ट्झवर असे डिजिपीटर चालवले जाते. इथे दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पॅकेटचे मोडेम वाहिनी मोकळी आहे का हे आधी ऐकते आणि मगच बोलते, आणि प्रत्येक संदेशावर तो किती वेळा पुढे ढकलायचा याची मर्यादा लिहिलेली असते, नाहीतर एकच संदेश डिजिपीटरांमध्ये घुमत राहून सगळी वाहिनी गिळून टाकील. विनलिंक ही रेडिओवरून ईमेल पोहोचवणारी यंत्रणा असेच काम करते; तिची स्टेशने कोणी मागितल्यावरच उत्तर देतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा वीज आणि फोन दोन्ही गेल्यावर शहर कसे होते हे ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना अशा स्वयंचलित टपालपेटीची किंमत वेगळी सांगायला नको. तिथे यंत्र चोवीस तास जागे असावे हीच अपेक्षा असते.

अमेरिकेच्या नियमांनी हा फरक चांगला टिपला आहे. तिथे डिजिटल स्टेशन पूर्ण स्वयंचलित ठेवायचे तर त्यासाठी बँडचे ठरावीक भाग आहेत, आणि त्या भागांबाहेर असे स्टेशन फक्त माणसाच्या ताब्यातल्या स्टेशनने विचारल्यावर, तेही ५०० हर्ट्झच्या आतल्या रुंदीत, उत्तर देऊ शकते. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या, रेडिओ परवाने पाहणाऱ्या डब्ल्यूपीसी विंगच्या परीक्षेला वयाच्या बाराव्या वर्षापासून बसता येते, आणि ती उत्तीर्ण झाल्यावर मिळणारा परवाना व्यक्तीला मिळतो. 'व्हीयू' ने सुरू होणारी कॉल साइन त्या व्यक्तीची असते, संगणकाची नाही, आणि तिच्या नावाने हवेत गेलेल्या प्रत्येक प्रसारणाचा जाब तिलाच द्यावा लागतो. आंतरराष्ट्रीय रेडिओ नियमांनीही हौशी सेवेची व्याख्या स्वतः शिकणे, परस्परांशी संवाद आणि तांत्रिक शोध अशीच केली आहे. रात्रभर चालणाऱ्या रोबोने यांतले काय साधले हे त्याच्या मालकाला सांगता आले पाहिजे.

जाब देण्याची ही गोष्ट केवळ कागदी नाही, हे मुंबईतल्या फ्लॅटमध्ये लवकर कळते. अँटेना खोलीच्या इतकी जवळ असते की प्रसारणाची ऊर्जा यूएसबी केबलमध्ये शिरते आणि संगणक व रेडिओ यांचे बोलणे मध्येच तुटते. अशा वेळी रेडिओला 'थांब' ही आज्ञा पोहोचतच नाही. पडद्यावरच्या सरकत्या रेघा गोठतात, रेडिओचा लाल दिवा पंधरा सेकंद उलटून गेले तरी विझत नाही, पंख्याचा आवाज चढत जातो. बोलताना आवाजात चढउतार असल्यामुळे ट्रान्समीटरला मधे मधे विसावा मिळतो, एफटी८ मध्ये मात्र पूर्ण शक्ती अखंड लागलेली असते, म्हणूनच १०० वॉटचा रेडिओ असला तरी जाणकार तो ३० ते ५० वॉटवर चालवतात. संगणकच अडकला असेल तर प्रणालीतला पहारेकरी टायमर निरुपयोगी ठरतो. समोर माणूस असेल तर तो हात पुढे करून वीज बंद करतो. नसेल तर बँडची एक जागा तासभर गोंगाटाने भरते आणि रेडिओतला शक्ती वाढवणारा शेवटचा भागही जळू शकतो.

त्यामुळे ज्यांना हे सुरू करायचे आहे त्यांनी आधी काही आठवडे फक्त ऐकण्याची जुळणी करावी, त्यासाठी स्टेशन हवे तितका वेळ एकटे चालू ठेवावे. प्रसारण करण्याआधी लॅमिंग्टन रोडवरून फेराइटची, म्हणजे केबलमध्ये शिरणारी रेडिओ ऊर्जा अडवणाऱ्या पदार्थाची, कडी आणून यूएसबी आणि ऑडिओच्या केबलींना दोन्ही टोकांना, जमतील तितके वेढे देऊन घालावीत. साउंड कार्डाचा आवाज रेडिओची एएलसी (सिग्नलची पातळी आपोआप आवरणारी) पट्टी हलणार नाही इतपतच ठेवावा, कारण तो वाढवला की ५० हर्ट्झचा सिग्नल शेजारच्या जागांवर सांडतो. प्रणालीतला पहारेकरी टायमर बंद करू नये. आणि रेडिओच्या स्वतःच्या मेनूमध्ये बहुतेक ठिकाणी टाइम-आउट टायमर असतो, जो संगणकावर अवलंबून नसतो; तो असेल तितक्या कमीत कमी मिनिटांवर लावून, डमी लोडवर (अँटेनेऐवजी जोडायच्या रोधावर) एकदा प्रसारण मुद्दाम अडकवून, तो खरोखर तोडतो की नाही हे तपासून घ्यावे.